तो निरोप मी दिला नाही

पुसदला आमचं घर दोन मजली. खाली आम्ही राहतो, वर धाकटे दीर आणि जाऊ. जाऊ कोकणातली, रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका गावची. दीर नोकरीसाठी तिकडे तीन वर्षं होते, तिथेच त्यांचं जमलं. लग्न होऊन ती आली तेव्हा तिला आमची बोली नीट कळायची नाही. ‘काहून’ म्हणजे काय, हे तिने मलाच विचारलं होतं; ‘का, कशासाठी’, असं मी सांगितलं होतं. पुढची कितीतरी वर्षं ती सगळं मलाच विचारायची. पाहुण्यांना किती भाकरी लागतील, मामीजींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, कोणती साडी आवडेल, हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचं. मला ते फार आवडायचं.

मी पंचायत समितीत नोकरीला. महिला मंडळाची अध्यक्षही बरीच वर्षं मीच होते. पैनगंगेला पूर आला त्या वर्षी ढाणकीकडच्या खेड्यांमध्ये भाकरी-झुणका पोचवायचं काम मी उभं केलं होतं. तेव्हापासून काही जमवायचं असलं की लोक म्हणायचे, ‘मॅडमला विचारा.’

मग तिच्या माहेरी वादळ आलं. आम्ही टीव्हीवर पाहिलं. कौलं उडालेली, माडाची झाडं आडवी, विजेचे खांब वाकलेले. दोन दिवस तिचा आईशी फोन लागला नाही. ती वरच्या गॅलरीत फोन हातात धरून उभी असायची. तिच्या आईचं छप्पर गेलं, पण आई सुखरूप आहे, एवढं तिसऱ्या दिवशी कळलं.

त्याच संध्याकाळी मंडळाच्या बायका आमच्याकडे आल्या. मी बैठकीत खुर्च्या मांडल्या, चहा टाकला. बाहेर येऊन पाहते तर सगळ्या जिन्याने वर गेलेल्या. मी कप घेऊन वर गेले. ती मध्ये सतरंजीवर बसली होती आणि बायका तिच्याभोवती. कोणी तिचा हात धरलेला, कोणी डोळे पुसत होती. मी ट्रे घेऊन दारात उभी. कोणी सरकून जागा दिली नाही.

लिहायला लाज वाटते, पण त्या वेळी मला तिच्या दुःखाचाही हेवा वाटला.

मदत पाठवायचं ठरलं. ओळखीच्या दालमिलवाल्यांनी एक रिकामी शेड दिली. मी नेहमीप्रमाणे जुन्या साड्या, चादरी गोळा करायचा निरोप फिरवला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले तर ती कपड्यांच्या ढिगासमोर उभी होती.

"ताई, कपडे नकोत," ती हळूच म्हणाली. "तिकडे वाळवायला जागा नाही. ताडपत्र्या हव्यात. नायलॉनचे दोर, खिळे, बॅटऱ्या, मेणबत्त्या."

बरोबरच बोलत होती. पण सहा बायका ऐकत होत्या, आणि त्या लगेच कपड्यांची गाठोडी बाजूला सारू लागल्या. माझ्याकडे एकीनेही पाहिलं नाही.

आमच्याकडे पेरणीचे दिवस जवळ आलेले. शेतकऱ्यांना ताडपत्री त्याच दिवसांत लागते. तरी ती दिरांच्या स्कूटीवर बसून आसपासच्या खेड्यांत गेली आणि ताडपत्र्या घेऊन आली. काही नव्या, काही वापरलेल्या. तिने एकेक उलगडून पाहिली, फाटलेल्या शिवून घेतल्या, प्रत्येकीवर खडूने माप लिहिलं. शेडमध्ये आता सगळे तिलाच विचारत. ट्रकवाला, मिलचा मुनीम, माझ्या ऑफिसातला शिपाईसुद्धा. एकदा त्याने माझ्यासमोरच विचारलं, "धाकल्या मॅडम कुठी हायेत?" मी म्हटलं, "मले नाही माहीत." ती मागच्या खोलीत होती, हे मला माहीत होतं.

मग मी तुरीची डाळ जमवायला घेतली. माझ्या माहेरच्या गावी, नात्यागोत्यात फोन केले. आमच्या जिल्ह्यात डाळीला कोण नाही म्हणेल? बावीस कट्टे जमले. शेडमध्ये पोत्यांची थप्पी लागली तेव्हा बायका म्हणाल्या, "मॅडमनं मोठंच काम केलं." कितीतरी दिवसांनी मला नीट भूक लागली.

ट्रक सोमवारी दुपारी निघायचा होता. सकाळी वर वीज नव्हती म्हणून तिने तिचा फोन माझ्या स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि ती शेडमध्ये गेली. मी कणीक मळत होते. फोन वाजला. तिच्या गावच्या गुरुजींचं नाव दिसलं. तिकडची सगळी व्यवस्था तेच पाहत होते. हात पुसून मी फोन घेतला.

"मी तिची मोठी जाऊ बोलतेय," मी म्हटलं.

"बरं झालं भेटलात. परत रेंज मिळेल की नाही माहीत नाही. त्यांना एवढं सांगा, धान्य पाठवू नका. आलंय तेच भिजतंय. ठेवायला कोरडी जागा नाही, शिजवायला सरपण नाही. ताडपत्र्या जेवढ्या होतील तेवढ्या पाठवा. पाऊस जोर धरतोय."

"सांगते," मी म्हटलं.

कणीक मळून झाली. मी पोळ्या लाटल्या. मनाला समजावत राहिले, की एका गावच्या गुरुजींना काय ठाऊक, शेजारच्या गावाला लागेल डाळ. डाळ काही लगेच खराब होत नाही. शिवाय ज्यांनी दिली त्यांना मी काय तोंड दाखवू? डबा भरून मी शेडमध्ये गेले.

ट्रक भरत होता. सगळं सामान एका फेरीत मावणार नाही, हे तोवर लक्षात आलं होतं. ती माझ्याजवळ आली. "ताई, डाळ दुसऱ्या फेरीत पाठवली तर चालेल का? ताडपत्र्या सगळ्या आधी जातील."

निरोप तिथेच माझ्या तोंडात होता. मी म्हटलं, "लोकायनं एवढ्या मनानं दिलं, ते इथंच ठेवाचं का? काय म्हणतीन ते?"

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग हमालांना म्हणाली, "डाळ चढवा." निम्म्याहून जास्त ताडपत्र्या खाली राहिल्या. मी ट्रकला नारळ फोडला. पेढेही वाटले.

गुरुवारी ऑफिसातून येऊन मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. ती फोन घेऊन आत आली.

"ताई, सोमवारी सकाळी गुरुजींचा फोन आला होता का? यात दिसतंय, दोन मिनिटं बोलणं झालंय."

"हो. सांगाचं राहून गेलं."

"राहून गेलं?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. मी मेथीची जुडी खाली ठेवली. "राहून नाही गेलं. मी सांगितलं नाही."

ती माझ्यासमोर फरशीवरच बसली. मग म्हणाली, "पाऊस वाढल्यापासून तीन रात्री माझी आई शेजारच्यांच्या गोठ्यात बसून काढतेय. आडवं व्हायला कोरडी जागा नाही." आणि थोड्या वेळाने, "काहून, ताई?"

तिने आमचा शब्द वापरला. मला ते सहन झालं नाही.

"सगळे तुलेच विचारतात," मी म्हटलं. "मले कोणीच विचारत नाही."

मला वाटलं ती हसेल किंवा उठून जाईल. ती म्हणाली, "मला वाटलं, तुमचं ऑफिस, घर, मामीजींचं दुखणं. तुम्हाला त्रास नको म्हणून मी धावपळ करत होते." मग तिने डोळे पुसले, पण माझ्याकडे न पाहता. वर जाताना म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही."

तिने खरंच सांगितलं नाही. दिरांनाही नाही. त्या चांगुलपणाचाही मला रागच आला.

त्याच संध्याकाळी मी ओळखीच्या पिकअपवाल्याच्या घरी गेले. उरलेल्या ताडपत्र्या भरल्या, ऑफिसात रजेचा अर्ज टाकला आणि शुक्रवारी पहाटे दिरांबरोबर गाडीत बसले. तिला चल म्हटलं, पण मामीजींजवळ कोणीतरी हवं होतं. "तुम्ही जा," ती म्हणाली. आईसाठी तिने एक पिशवी दिली.

पोचायला दोन दिवस लागले. कोकण मी पहिल्यांदा पाहत होते. गावात शिरायच्या रस्त्यावर पोफळीची झाडं कापून बाजूला रचलेली, घरांचे नुसते वासे उभे. शाळेच्या व्हरांड्यात आमची डाळ होती. खालच्या थरातले कट्टे भिजून फुगले होते, आंबूस वास येत होता. चार बायका ओली डाळ एका ताडपत्रीवर पसरत होत्या. ती ताडपत्री कुठल्यातरी छपरावर असायला हवी होती.

गुरुजी आले. मी नाव सांगायच्या आधीच ते म्हणाले, "फोनवर तुम्हीच होतात ना? आवाज ओळखला."

"हो," मी म्हटलं. "निरोप मी दिला नव्हता. तिची चूक नाही."

त्यांनी मान हलवली. मग दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं. "हे धरा. अंधार पडायच्या आत चार घरं करायची आहेत."

पाच झाली. पाचवं घर तिच्या आईचं. ताडपत्री बांधून झाल्यावर म्हातारीने शेजारच्या चुलीवर चहा केला. पिशवी उघडून लेकीने पाठवलेला लाडू मलाच दिला. "सगळं ताईंकडून शिकले, असं सांगते ती," त्या म्हणाल्या. "तुमच्याबद्दल बोलायला लागली की थांबत नाही." मी चहा पीत राहिले. पुढे त्या लेकीबद्दलच बोलत होत्या. ती लहानपणी कशी होती, किती हुशार, गावात सगळे अजून तिची कशी आठवण काढतात. ऐकता ऐकता मला पुन्हा तोच हेवा वाटायला लागला. मला वाटलं होतं, एवढ्या लांब आल्यावर तो जाईल.

डाळीचे आठ कट्टे फेकावे लागले. बाकीची वाळली. पुढे शाळेत सगळ्यांसाठी स्वयंपाक सुरू झाला तेव्हा ती वापरली, असं गुरुजींनी कळवलं.

त्या दिवाळीनंतर मंडळाची सभा झाली. एका बाईंनी अध्यक्षपदासाठी धाकट्या जावेचं नाव सुचवलं. जाऊ माझ्याकडे पाहायला लागली. अनुमोदन मीच द्यावं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मी हात वर केला. थोडा वेळ लागला, पण केला. आता लोक तिला विचारतात, आणि ती कधी कधी जिना उतरून मला विचारायला येते. मी सांगते. काही वेळा मला माहीत असतं की तिला उत्तर आधीच ठाऊक आहे.