बर्फाच्या गावची किल्ली

नव्वदच्या मार्चमध्ये कुवेतमधल्या मंगफजवळच्या वाळूच्या टेकाडावरून मी प्लायवुडवर उभा राहून घसरत होतो. तिथे पाठीला बर्फावर घसरायची फळी बांधलेला एक ऑस्ट्रियन भेटला. "आम्ही फळीवाले एकमेकांकडेच उतरतो," म्हणाला आणि हा बाबा सरळ माझ्या खोलीवर आला. आठवडाभर राहिला. सकाळी अंथरूण स्वतः गुंडाळायचा, मग फळीला मेणबत्ती घासत बसायचा. जाताना पत्त्याची चिठ्ठी बांधलेली त्याच्या तिकडच्या घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"मी नसलो तरी उघड."

मला हसूच आलं. कुठे मी, कुठे बर्फ!

ऑगस्टमध्ये इराकी सैन्य आलं. सगळं मागे टाकून जॉर्डनच्या छावणीत पोचलो. तिथल्या कारकुनाने विचारलं, "सामान काय?"

मी खिसा चाचपला.

"एक घर आहे," म्हणालो.