करंगळीने उघडणारं दार

नवी गाडी समोर आली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: अ‍ॅव्हरेज किती देते? साळवेभाऊंनी तो कधीच विचारला नाही. ते गाडीच्या डाव्या बाजूला जायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि पुढच्या दाराच्या हँडलखाली उजव्या हाताची करंगळी अडकवून ओढायचे. फक्त करंगळी. बाकीची बोटं दुमडून ठेवलेली, जणू त्यांना या कामातून रजा दिली आहे. दार उघडलं नाही की मान हलवून निकाल जाहीर व्हायचा, "नापास."

मग मालकाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. पाटलांची कोरी गाडी आली तेव्हा बॉनेटवरचं कुंकू अजून ओलं होतं. पाटील पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे, आणि साळवेभाऊ म्हणतात नापास.

"अवो भाऊ, पेढा तरी खा," पाटील म्हणाले.

साळवेभाऊंनी पेढा खाल्ला. निकाल बदलला नाही.

आमची कंपनी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत. साळवेभाऊ मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन, मी स्टोअरला. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर दुपारी आमची संसद भरायची. खासदार चार: आम्ही दोघे, चिखलोलीचे पाटील, ज्यांचे टेम्पो कंपनीला लागलेले होते, आणि उल्हासनगरचा मोटवानी, जो आम्हाला नटबोल्ट पुरवायचा आणि भावाबरोबर गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजचं दुकान चालवायचा. चौघांत गाडी एकट्या पाटलांकडे. पण आमची चर्चा ऐकणाऱ्याला वाटावं, चौघांचे ड्रायव्हर वळणावर एसी लावून थांबलेत.

एक इंग्रजी मासिक आम्ही वर्गणी काढून घ्यायचो. त्यात अजून बाजारात न आलेल्या गाड्यांचे चोरून काढलेले फोटो असत. कोणाला ओळखू येऊ नये म्हणून गाडीला काळ्या पट्ट्या चिकटवलेल्या. आम्ही त्या फोटोकडे मुलगी बघायला गेल्यासारखे बघायचो.

"मागून जरा जाड वाटते," मी म्हणायचो.

"पट्ट्या हायेत त्या. काढल्या का बारीक दिसंल," पाटील वधूपक्षाची बाजू घ्यायचे.

मोटवानी डोळे मिटून भविष्य सांगायचा. "पॉवर स्टीअरिंग कंपनी देईल. पॉवर विंडो फक्त पुढे देईल. पीछे का हम देगा."

साळवेभाऊ चहा संपवून एवढंच विचारायचे, "हँडल दिसतंय का फोटोत?"

त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. टॉप मॉडेल घेणारा माणूस त्यांच्या मते आळशी. "बेस मॉडेल घ्यायचं. बाकीचं उल्हासनगर बसवून देतं." हे तत्त्व ते सगळ्यांना लावायचे. कंपनीत नवीन साहेब आला आणि त्याने पहिल्याच दिवशी वॉचमनवर आवाज चढवला, तेव्हा साळवेभाऊ मला हळूच म्हणाले, "माणूस बेस मॉडेलच जन्माला येतो रे दिघे. नम्रता वगैरे बाहेरून बसवून घ्यावी लागते. याच्या घरच्यांनी नुसतं सीटकव्हर टाकून सोडलंय."

आता करंगळीचं सांगतो, नाहीतर तुम्ही त्यांना चक्रम समजाल. आम्हीही काही दिवस समजत होतोच.

कुसुमवहिनी, म्हणजे साळवेभाऊंच्या पत्नी, शिवणकाम करायच्या. अंबरनाथच्या आमच्या भागातल्या निम्म्या ब्लाउजांना त्यांच्या हातचे हुक होते. मग संधिवात झाला. आधी बोटं सकाळची आखडायची, मग दुपारपर्यंत, मग कायमची. सुई सुटली, मागोमाग बरणीची झाकणं, नळ आणि दाराची कडीही सुटली. बाई मोठी मानी. कोणी पुढे होऊन काही उघडून दिलं की ती वस्तू त्या तशीच ठेवून द्यायच्या, वापरायच्या नाहीत.

साळवेभाऊंनी यावर घरात एक शब्द काढला नाही. फक्त मोटवानीच्या दुकानातून गिअरच्या दांड्यांवर बसवायच्या मुठी आणल्या, चांगल्या लिंबाएवढ्या, आणि घरातल्या प्रत्येक कपाटाला, ड्रॉवरला, खिडकीला एकेक बसवली. गॅसच्या बटणांनाही लांब दांडे जोडले, मनगटाने ढकलले तरी फिरतील असे. मी पहिल्यांदा ते स्वयंपाकघर पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपण एसटीच्या वर्कशॉपमध्ये आलो.

"बघा भावजी," वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे आता भाजी तिसऱ्या गिअरमध्ये शिजते. वरणाला मात्र पहिलाच लागतो."

घराचा प्रश्न असा सुटला. अडलं ते गाडीपाशी.

झालं असं की वहिनींच्या माहेरचं एक लग्न होतं. भाड्याच्या गाडीतून सगळे गेले. हॉलपाशी गाडी थांबली, सगळे घाईने उतरून आत गेले, ड्रायव्हरही गेला. वहिनी पुढच्या सीटवर राहिल्या. आतलं हँडल बोटांनी ओढता येईना, काच फिरवून खाली करता येईना. हाक मारायची तर आत बँड सुरू. आणि खरं सांगायचं तर त्यांनी हाक मारलीच नाही. साळवेभाऊ शोधत आले तेव्हा त्या घामाने चिंब होऊन सरळ समोर बघत बसल्या होत्या. रात्री घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "मी सामानासारखी बसले होते. ज्या गाडीतून मला माझं मी उतरता येत नाही, त्या गाडीत मी पुन्हा बसणार नाही."

आणि नाही बसल्या. रिक्षाला दारच नसतं, त्यामुळे रिक्षा हेच त्यांच्या लेखी टॉप मॉडेल. पण आपल्याकडचे खड्डे आणि संधिवाताचे गुडघे यांची कुंडली जुळत नाही. बदलापूरला भावाकडे एक फेरी झाली की त्या दोन दिवस उठत नसत. हळूहळू माहेर बंद झालं, बाजारही बंद झाला. गाडीत बसल्याशिवाय बाहेरचं जग नाही, आणि गाडीत तर बसायचं नाही. साळवेभाऊंच्या करंगळीत जेवढा जोर, तेवढाच वहिनींच्या सगळ्या हातात उरला होता. म्हणून ती परीक्षा.

नवीन मॉडेल आलं की आम्ही कल्याणला शोरूममध्ये जायचो. आम्हाला कोणी गाडीत बसू देईना, तेव्हा मी एक योजना काढली. पाटलांची सोन्याची साखळी गळ्यात घातली, भाच्याचा गॉगल डोळ्यावर, आणि मी झालो शेठ. साळवेभाऊ माझे सेक्रेटरी. काय चाललो होतो मी. माझ्या आयुष्यात मला इतका आदर पुन्हा मिळाला नाही. सेल्समनने थंडा आणला, खुर्ची आणली, आणि गाडीची सगळी कौतुकं पाठ म्हणून दाखवली. सेक्रेटरी तोवर डाव्या सीटवर जाऊन बसले, दार लावून घेतलं आणि आतून करंगळी लावली.

"नापास," आतून आवाज आला.

"सर, पण मॅडमसाठी यात आरसा दिलाय," सेल्समन म्हणाला. "वर, सन व्हायजरच्या मागे."

काच खाली करून साळवेभाऊ शांतपणे म्हणाले, "मॅडम आत अडकल्यावर आरशात काय बघतील? अडकलेली बाईच ना?"

सेल्समनने माझ्याकडे पाहिलं. मी गॉगल जरा खाली केला आणि शेठच्या आवाजात सांगितलं, "आम्ही पुढच्या मॉडेलची वाट बघू."

ती वाट फार लांबली. मासिकात यायचं, परदेशात म्हणे नुसता हात लागला की दार उघडतं. साळवेभाऊ तो कागद दुमडून खिशात ठेवायचे. दर दिवाळीला नवीन गाडी यायची, नवीन सीटा, नवीन दिवे, हँडल तेच. पाटील चिडवायचे, "भाऊ, तुमी गारी नाय, विमानच घ्या. तिथं दार उघडाला बाई असते." शेवटी वहिनीच एक दिवस म्हणाल्या, "तुमचं नवीन मॉडेल येईपर्यंत माझं मॉडेल बंद होईल हो. स्पेअर पार्टसुद्धा मिळणार नाहीत."

साळवेभाऊंनी हे टपरीवर सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. पाटलांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "मी मोठी गारी घेतोय. माजी जुनी घेऊन जा."

"ती नापास आहे," साळवेभाऊ म्हणाले.

"बेस मॉडेल घ्या, बाकीचं उल्हासनगर बसवून देतं, हे कोन बोलतं?"

असे ते स्वतःच्याच वाक्यात सापडले. गाडी मोटवानीच्या दुकानामागे लागली आणि तिथे महिनाभर नुसता गोंधळ. कल्पना साळवेभाऊंची. काही गाड्यांची डिकी आतून बटण दाबलं की उघडते ना, त्या कुलपातला विजेचा खटका काढायचा आणि डाव्या दारात बसवायचा. दार बाहेर ढकलायला एक स्प्रिंग. आणि बटण कसलं, तर कारखान्यातल्या प्रेस मशीनला असतं तसं, मोठं, कुत्र्याच्या छत्रीसारखं गोल, तळहाताने किंवा कोपराने दाबता येणारं. एक आत, एक बाहेर आरशाखाली.

"साईं, दरवाजे में डिकी का माल कौन लगाता है?" मोटवानी डोकं धरून म्हणाला.

"तू लगाता है," साळवेभाऊ म्हणाले.

ट्रायलला आम्ही दोघे निघालो, मी मागे बसलो होतो. उल्हासनगरच्या बाजारात एक हातगाडी आडवी आली. साळवेभाऊंनी हॉर्न दिला आणि डावं दार खाडकन उघडलं. कुठलीतरी वायर कुठेतरी भेटली होती. रस्त्याकडेला एक जाडजूड सिंधी बाई दोन पिशव्या घेऊन शेअर रिक्षाची वाट बघत होती. तिने समोर गाडी थांबलेली पाहिली, दार उघडलेलं पाहिलं, आणि ती आत येऊन बसली.

"स्टेशन," ती म्हणाली. "और दरवाजा अपने आप बंद होगा कि मैं करूँ?"

"आप कीजिए," साळवेभाऊ म्हणाले. त्यांनी तिला स्टेशनवर सोडलं, वाटेत एकदाही हॉर्न न वाजवता. समोर म्हैस आली तेव्हा आम्ही दोघांनी खिडकीतून तोंड काढून तिला हाकललं. उतरताना बाईने बटण पाहिलं, कोपराने दाबलं, दार उघडलं, आणि काहीही आश्चर्य न वाटता ती निघून गेली. साळवेभाऊ तिच्या पाठीकडे बघत राहिले. "पास," ते म्हणाले.

वायरिंग दुरुस्त झालं. वर त्यांनी आणखी एक सोय केली: हँडब्रेक ओढल्याशिवाय बटण चालायचं नाही, म्हणजे चालत्या गाडीत धोका नको. मग वहिनींच्या भाचीच्या साखरपुड्याच्या दिवशी गाडी बदलापूरला निघाली. वहिनी पुढे, मी आणि माझी बायको मागे. वहिनी वाटभर बटणाकडे बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या.

हॉलपाशी माहेरची सगळी मंडळी दारात उभी होती. वहिनींचे भाऊ धावत आले आणि त्यांनी हँडलला हात घातला.

"दादा, हात काढा," साळवेभाऊ आतून म्हणाले. "त्या दाराला कोणी हात लावायचा नाही."

भाऊ मागे सरले. दार खराब आहे असं त्यांना वाटलं असावं. वहिनींनी पदर सारखा केला. पर्स मनगटात अडकवली. पुन्हा पदर सारखा केला. वीस-पंचवीस माणसं बंद गाडीकडे बघत उभी. मग त्यांनी तळहात ठेवला, दार उघडलं आणि त्या उतरल्या. उतरून सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"काय बघताय?" त्या म्हणाल्या. "आत चला, का इथेच साखरपुडा करायचाय?"

त्यानंतर त्या इतक्या हिंडल्या की साळवेभाऊ टपरीवर तक्रार करायचे, "गाडी घेतली आणि ड्रायव्हर झालो." तक्रार करताना त्यांचा चेहरा असा उजळायचा, की आम्ही मुद्दाम तोच विषय काढायचो.

साळवेभाऊ रिटायर झाले आणि वर्षाच्या आत गेले. झोपेतच गेले, कोणाला हाक न मारता. त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे मृत्यूनंतरच्या वंदनेचा, कार्यक्रम अंबरनाथच्या बुद्धविहारात होता. वहिनींनी निरोप पाठवला, आपल्याच गाडीने जाऊ, तुम्ही चालवा. त्यांची मुलगी आणि पाहुणे पुढे गेले होते. गाडीत आम्ही दोघंच.

विहारासमोर मी गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि स्वस्थ बसलो. घाई करायची नाही, एवढं मी शिकलो होतो. पांढऱ्या साडीतल्या वहिनींनी बटणावर तळहात ठेवला. दार उघडलं. बाहेरून वंदनेचा आवाज आत आला.

त्या उतरल्या नाहीत. उघड्या दाराकडे बघत बसून राहिल्या.

"दार उघडता येतं हो मला," त्या म्हणाल्या. "उतरवत नाहीये." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, जरा हात द्या."

त्यांनी कोणाकडे हात मागितल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी गाडीला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेलो आणि हात पुढे केला. त्यांनी आपली आखडलेली बोटं माझ्या तळहातावर ठेवली, आणि आम्ही सावकाश विहाराच्या पायऱ्या चढलो.