बर्फाच्या डब्यातून दोन कोकरांचं रक्त

लोक सुट्टी काढून महाबळेश्वरला जातात. मी दिवाळीआधी पारनेर तालुक्यात गेले, कारण काकीचा फोन आला, "आप्पांना येड लागलंय, तू ये." आप्पा म्हणजे माझे चुलते. त्यांची मेंढरं दिवाळीनंतर कोकणाकडे चालत निघतात. त्याआधी एक नर कोकरू पैदाशीसाठी राखायचं आणि बाकीची विकायची. पुढची सगळी पिल्लं त्याच एकावर जाणार, त्यामुळे कोणतं राखायचं यावरून घरात आठ दिवस वाद चालला होता.

पुण्याहून नगरची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, लाभ घ्या. सुप्याला उतरून मिसळ खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, मग काळी-पिवळीत दहावी प्रवासी म्हणून बसले. निसर्गसौंदर्य विचाराल तर समोरच्या आजोबांचा फेटा तेवढा दिसला.

वाघरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, दोन्ही उमेदवार हजर होते. आप्पांचं लाडकं माडग्याळ जातीचं, सांगलीकडून आणलेलं. उंच पाय, बाकदार नाक, फोटोला स्वतःहून वळून उभं राहणारं. काकीचं दख्खनी, आपल्याच कळपातलं. काळं, बुटकं, कायम वैतागलेलं. वय सारखंच, पण वजनात माडग्याळ दीडपट.

काकीने अंगठ्याने माडग्याळाची खालची पापणी ओढून दाखवली. आतून पांढरीफटक. काळ्याची लालबुंद.

"याला रगतच न्हाई," ती म्हणाली. "घाटात बसंल हे."

आप्पांनी वजन बघायला सांगितलं आणि पापणीबिपणीवर आपला विश्वास नाही, तपासणीचा कागद आणा, असा हुकूम सोडला. काकीने जाता जाता माझीही पापणी ओढली आणि म्हणाली, "तू बी तसलीच." मी हसले. उजेड कमी आहे म्हटलं. रात्री हुलग्याची शेंगोळी होती, तीन वाट्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी गावच्या जनावरांच्या डॉक्टरांनी दोघांच्या मानेतून रक्त काढलं, बर्फाच्या डब्यात ठेवून माझ्या हाती दिलं आणि राहुरीच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत हलवू नका म्हणाले. डॉक्टर नगर-मनमाड रस्त्याने अलीकडे गेले नसावेत. एसटीत शेजारच्या बाईंनी डब्यात मासळी हाय का विचारलं. मी खरं सांगितलं. राहुरीपर्यंत दोन माणसांची सीट मला एकटीला मिळाली.

तपासणाऱ्या मॅडमनी रिपोर्ट समजावून सांगितला. माडग्याळ भरपूर चारा मिळाला तर अंगाने झपाट्याने भरतं, पण या कोकराचं रक्त फारच कमी आहे. दख्खनीला आपलं कोरडं रान, अपुरा पाला आणि पोटातले जंत यांची सवय असते, ते तग धरतं. एका कोकरावरून आख्ख्या जातीला नावं ठेवू नका, त्याला जंताचं औषध पाजा, असंही बजावलं.

आप्पांनी कागद हात लांब करून दोनदा वाचला. मग खिशातून मका काढला. आजवर तो चोरून माडग्याळालाच जात होता. त्या दिवशी काळ्याला मिळाला.

"मी आठ दिस तेच सांगत हुते," काकी भाकरी थापता थापता म्हणाली. "माज्या बोटाला कोन इचारतंय. कागदाला इचारत्यात." मला फार वाईट वाटलं. तीस वर्षं तिने ती मेंढरं सांभाळली आहेत.

पुण्यात आल्यावर ऑफिसात ही गोष्ट मी तिखटमीठ लावून सांगितली. आप्पांची नक्कल केली, सगळे हसले. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि हळूच पापणी ओढली. काही कळेना. सकाळी उपाशीपोटी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त देऊन आले.

हिमोग्लोबिन कमी निघालं. काकीला फोन करून सांगितलं, रिपोर्टमधला आकडासुद्धा वाचून दाखवला.

ती म्हणाली, "तुलाबी कागदच लागला. शेवटी पुतनी कुनाची."