दशांशानंतरचे आकडे

मी हिंगोलीच्या एका शाळेत भूगोल शिकवते. अक्षांश-रेखांशाचा धडा आला की पोरं जांभया देतात. खरं सांगायचं तर मीही तो कसाबसा उरकायची, गेल्या दसऱ्यापर्यंत.

दसऱ्याच्या आठवड्यात एका दुपारी मी वर्गात असताना आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गावाहून, साखऱ्याहून फोन आला. सुटलेला बैल हुडकत ते दोन-तीनदा ओढा ओलांडून कुणाच्या तरी शेतातल्या, डोक्याइतक्या उंच तुरीत शिरले होते.

"बाई, पान लागलं बग मला."

आमच्याकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.

"आबा, ओढ्याच्या कोन्या अंगाला हायेत तुमी?"

"कळून न्हाई राहिलं. पापण्या जड पडून राहिल्या."

शिपाईमामांच्या फोनवरून मी धाकट्या भावाला पळवलं. तो मोटारसायकलवर ओढ्याच्या दक्षिण काठाला येऊन थांबला. वरच्या अंगाला पाऊस होऊन ओढा एव्हाना तुडुंब झाला होता. आबा अलीकडे असतील तर पायीच गाठायचे. पलीकडे असतील तर पुलावरून लांबचा वळसा. चुकीच्या बाजूची तूर तुडवत बसला तर आबा हातचे जाणार होते.

तिथं रेंज बोलण्यापुरतीच, नकाशा पाठवायची सोय नाही. पण पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये उभ्या जागेचे आकडे दिसतात, आणि ते उघडायला आबा शिकले होते. मी त्यांना ते आकडे वाचायला लावले.

"एकोणीस पॉइंट अडुसष्ट. सत्त्याहत्तर पॉइंट शून्य पाच."

"पुढचे?"

"पुढचे कशाला पायजेत?"

आबांचा जन्म सातबारा वाचण्यात गेला. एक हेक्टर वीस आर. दशांशानंतर दोन आकडे की जमीन संपली. पण अक्षांशाच्या अंशाचा शंभरावा भाग म्हणजे अकराशे मीटर. भावानं आपल्या फोनवर बघितलेले आकडेही तेच निघाले. ओढ्याचे दोन्ही काठ त्यात मावत होते.

"पुढचा एकेक आकडा सांगा!" मी जन्मात पहिल्यांदा आबांवर ओरडले.

"आकडे डबल दिसून राहिलेत... सात." मग रेखांशाचा, "आठ." त्यानंतर नुसता श्वास, आणि फोन कट. परत लावला, उचलला नाही.

भावाचे तिसरे आकडे दोन्हीकडे दोन होते. मी खडूनं फळ्यावरच मांडलं. उत्तरेला पाच हजारांश, साडेपाचशे मीटर. रेखांश आपल्या भागात जरा जवळ आलेले असतात, म्हणून पूर्वेचे सहा हजारांश सव्वासहाशे. वर्ग, बेरीज, वर्गमूळ: आठशे चाळीसच्या आसपास. ओढ्याच्या उत्तरेला, म्हणजे पलीकडे.

"पुलावरून जा," मी भावाला म्हणाले. गाडीचा आवाज दूर गेला आणि मग माझ्या लक्षात आलं. दोन दोन दिसणाऱ्या माणसाला पडद्यावरचा एक आणि सात सारखेच. एक असेल तर आबा अलीकडेच होते, आणि मी भावाला त्यांच्यापासून लांब धाडलं होतं. मी वजाबाकी पुसली, पुन्हा केली, पुन्हा पुसली. मला भीती वाटत होती, दुसरं काहीच वाटत नव्हतं.

पाऊण तासानं भावाचा फोन आला. तुरीत माणूस दिसत नव्हता, आकड्यांचं पुटपुटणं ऐकू आलं म्हणून तो तिकडे धावला होता. पुढे इंजेक्शन वेळेत मिळालं, आबा वाचले. पण तेव्हा भावानं फोन त्यांच्या कानाला लावला, तर जड जिभेनं ते मलाच विचारत होते, "बाई, अजून आकडे पायजेत का?"