अंगठ्याने मोजलेली नाडी

रविवारी दुपारी जेवणाची सुस्ती डोळ्यांवर येते आणि क्वार्टरमधला पंखा दूरदूर जाऊ लागतो. संध्याकाळपर्यंत प्राचार्यांना सांगायचंय, जाते की राहते. सरकारी कॉलेजची नेमणूक आलीय. या खासगी नर्सिंग कॉलेजात मात्र माझी उमेदीची वर्षं गेलीत.

कॉटच्या कडेला शिंत्रे मॅडम बसल्यात. मला शिकवलं त्यांनी, इथे चिकटवलं त्यांनीच. गेल्या दिवाळीत वारल्या. साडीची इस्त्री अजून मोडू दिलेली नाही.

"झोपतेस होय गं, वैजू?"

"विचार करतेय, मॅडम."

"मग घोरतंय कोण?"

कॉटचं दुसरं टोक कॉलेजच्या सरावाच्या खोलीत निघतं. रांगेत पुतळ्यांच्या जागी आमच्याच शिक्षिका निजल्यात. मी राऊंड घेते. ही राहिली मुलाच्या फीत सवलत आहे म्हणून. ती, नवऱ्याचं दुकान गेटासमोर म्हणून. तिसरीची मूळ प्रमाणपत्रं संस्थेच्या कपाटात. मागायची छाती होत नाही.

"आणि तुम्ही, मॅडम?"

"मला मुलींनी सोडलं नाही."

"हे निरोप समारंभातलं झालं. खरं सांगा."

त्या हसतात. "दुसरीकडे मला कोण ओळखणार, याची भीती वाटली. आता तुझं सांग."

"मी गेले तर या पोरींचं कसं व्हायचं?"

शेवटच्या कॉटवर पहिल्या वर्षाची मुलगी आहे. मी तिचं मनगट धरते. "बघा, कशी धडधडतेय बिचारी!"

"वैजे, अंगठा ठेवलास."

मी शरमते. याच चुकीसाठी मी पोरींना वर्गात उभं करते. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. त्याने मोजलं की आपलीच मोजली जाते. मी तीन बोटं टेकते. मुलीची नाडी संथ, छान चाललीय.

"म्हणजे धडधड माझी होती?"

"मग काय तिची?"

खोलीची आता एसटी झालीय. आम्ही खिडकीशी बसलोय, गाडी सुटलेली नाही.

"मग जाऊ मी?"

"मी राहिलेली बाई, मला काय विचारतेस? 'जाते' असं म्हणून बघ."

"जाते."

त्या माझं डावं मनगट घट्ट धरतात, नजर छातीवर टाचलेल्या घड्याळावर.

"काय निघालं, मॅडम?"

"गप. मोजताना बोलू नये."

फोन वाजतोय. उजवा हात उशीखाली दबून पार बधिर झालाय, म्हणून डाव्याने उचलते.

"मग, काय ठरलं?" प्राचार्य विचारतात.

"जाते, सर."

डाव्या मनगटावर तीन बोटांचे ठसे आहेत, ओळीने, लालसर.