हलवायची राहिलेली सुपारी

नमस्कार मंडळी. तुमचं हे सदर मी नेहमी वाचते, आणि खरं सांगू का, निम्म्या वेळा हसते. पिंपळावरची बाई, उलट्या पावलांचा माणूस... माझा जन्म विरारजवळच्या गिरीजचा, केळी-फुलांच्या वाडीतला. दिवेलागणीनंतर केळीची सुकलेली पानं अशी हलतात की नव्या माणसाला वाटावं कोणीतरी उभं आहे. आम्ही पोरी त्याच केळीतून कळशा घेऊन विहिरीवर जायचो. कधी काही दिसलं नाही. शिक्षण माझं चौथीपर्यंत, पुढचं सगळं पुड्याच्या कागदांवर आणि वाचनालयात. तेव्हा भाषा सांभाळून घ्या. भुतावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आणि जे सांगणार आहे त्यात भूत नाहीच मुळी — त्यात कॉम्प्युटर आहे.

दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. विरार पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो. मी, मुलगा प्रदीप आणि सून वैशाली. वैशाली अंधेरीला नोकरीला होती, कंपनी विलायतेची. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस राहिले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद करायला सांगितला. नेमकी त्याच वेळी कंपनीने नवी टूम काढली. घरी बसा, पण ऑफिसात हजर राहा.

ते कसं, तर कॉम्प्युटरच्या आत एक ऑफिस बांधलेलं. काचेच्या भिंती, मागे निळा समुद्र, टेबल-खुर्च्या, आणि प्रत्येकाच्या नावाची एक बाहुली. इथे आपण बटणं दाबायची, तिथे बाहुली चालते, बसते, मान डोलावते.

"अवतार म्हणतात त्याला, आई," प्रदीप म्हणाला.

"नऊ होऊन गेले, दहावा यायचाय. तो तुमच्या कंपनीत नोकरीला लागला होय?"

"तू हसशील, पण पुढे सगळं जग असंच काम करणार आहे."

वैशाली मला एकेक बाहुली दाखवायची. विलायतेच्या साहेबाला म्हणे चांगलं टक्कल होतं, पण बाहुल्याच्या डोक्यावर केसांचं जंगल. पुण्याची मेघना, वैशालीची मैत्रीण, तिची बाहुली सहा फुटी. आणि आमच्या वैशालीची बाहुली लाल कोटातली, कपाळ मोकळं, कंबर वीतभर. सातवा लागला तरी वीतभरच.

"पोट नाही का गं लावता येत हिला?"

"लावता येत असेल, आई. पण ऑफिसात कोण लावतं."

मला ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. आमच्या वाडीत बायका फुलं काढायच्या, निंदणी करायच्या. एखादीला दिवस गेले की तिने तोंड उघडायच्या आत बाकीच्यांना तिच्या चालीवरून कळायचं. मग कोणीतरी मुकाट्याने तिच्या डोक्यावरची पाटी काढून स्वतःच्या डोक्यावर घ्यायची. एकत्र काम करणं म्हणजे एवढंच मला ठाऊक. इथे वैशालीचे पाय सुजून फुग्यासारखे झालेले, डोकं ठणकायचं, आणि तिकडे बाहुली टवटवीत हसतेय. साहेब त्या बाहुलीला विचारायचा, कशी आहेस? बाहुली म्हणायची, छान.

त्यात एक वाईट खोड होती. बटणांवरून हात काढून थोडा वेळ गेला की बाहुली बसल्या जागी मान टाकायची. हनुवटी छातीला, जणू डुलकी लागली. ते सगळ्यांना दिसायचं. लगेच साहेबाचा निरोप — आर यू विथ अस? आता पोटुशी बाई, तिला सारखं उठावं लागतं. वैशाली बाथरूमला जायची तीसुद्धा चोरी करायला निघाल्यासारखी. मी पायाखाली पाट सरकवला, पाठीला उशी दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रेशर वाढतंय, आडवी पडत जा. आडवी कशी पडणार? बाहुली मान टाकेल ना.

मेघना तेवढी शहाणी. तिने ठरवून ठेवलं होतं, "तुझी मान फार वेळ खाली दिसली की मी सरळ घरी फोन करणार. नाही उचललास तर प्रदीपला." मला तेवढाच धीर. मनात म्हटलं, चला, त्या मेल्या बाहुलीचा हा तरी उपयोग.

आता सुपारीचं सांगते. आमच्यात पूजेला जोडप्याने बसायचं असतं. बायको काही कारणाने हजर नसली तर तिच्या नावाची सुपारी ठेवून विधी करतात. सुपारी बसली म्हणजे ती बसली. एकदा जेवताना मी गमतीत म्हटलं, "तुझी बाहुली म्हणजे दुसरं काय गं, तुझ्या नावाची सुपारीच." वैशाली एवढी हसली की ठसका लागला. उठून माझ्या पानाच्या डब्यातली एक सुपारी घेतली — आमच्याच गिरीजच्या वाडीतली — आणि हळदकुंकू लावून कॉम्प्युटरपुढे ठेवली. "बस गं बाई माझ्या नावाने," म्हणाली.

"आणि काम संपलं की हलवायची हो," मी म्हटलं. "अक्षता टाकून जागची हलवल्याशिवाय सुटत नाही ती."

मग तो तिचा रोजचा खेळच झाला. संध्याकाळी काम आटोपलं की चार तांदूळ टाकायची, बोटाने सुपारी सरकवायची, म्हणायची, "सुटलीस." मगच मशीन बंद. दिवसभरात तेवढंच काय ते हसणं.

त्या दिवशी मी सकाळीच गिरीजला गेले. रविवारी डोहाळजेवण ठरलं होतं, बागेतलं करायचं होतं. झोपाळ्याला लावायला फुलं, केळीचे खांब, शहाळी असं सगळं भावाकडे सांगून यायचं होतं. निघताना वैशालीला म्हटलं, वालाचं बिरडं केलंय, ओट्यावर झाकून ठेवलंय, वेळेवर जेव. ती म्हणाली, "जेवते हो. तुम्ही सोनटक्का विसरू नका."

मी परतले तेव्हा ऊन अजून होतं. लाइट गेलेले. तेव्हा लोडशेडिंग असंच चालायचं, दुपारचे गेले की गेले. आमचा इन्व्हर्टरसुद्धा संपून गप्प झालेला. किल्लीने दार उघडलं. कॉम्प्युटरचा पडदा काळा. आणि खुर्चीच्या बाजूला, जमिनीवर, माझी सून. दात खिळलेले, हेडफोन गळ्यात तसाच.

पुढचं लांबवत नाही. समोरच्या दारातल्या माणसांनी उचलली, रिक्षात घातली. प्रेशर डोक्यात जाऊन झटके आले होते. ऑपरेशन केलं. मुलगी होती. नाकडोळे सगळे आलेले, केससुद्धा. रडली नाही. वैशाली वाचेल असं म्हणाले, पण शुद्धीवर नव्हती. डॉक्टरीणबाई हात धुता धुता म्हणाल्या, "दुपारीच आणली असती तर..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

मला मेघनाचा राग आला. एवढं ठरवून ठेवलेलं, एक फोन नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी कपडे न्यायला मी एकटीच घरी आले. ओट्यावर बिरडं तसंच. झाकण काढलं, आंबूस वास आला. हात लावलेला नव्हता त्याला कोणी. तेवढ्यात घरातला फोन वाजला. मेघना.

"काकू, मी मेघना. वैशालीचा मोबाइल बंद आहे का?"

मी काही सांगायच्या आत तीच हसत पुढे म्हणाली, "काय हो काकू, रोज बिरडंच घालता का तिला? काल विचारलं जेवलीस का, तर म्हणे, जेवले, आईंनी बिरडं केलं होतं. आज विचारलं तरी तेच. म्हटलं, एवढं काय बिरडं बिरडं लावलंय, फोन करून बघावं."

"कधी विचारलंस आज?"

"आत्ताच. समोर बसलीये ना माझ्या."

"कोण बसलीये?"

"वैशाली. म्हणजे बाहुली हो. का, काय झालं?"

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. पडदा काळा. प्लग मी स्वतःच्या हाताने आदल्या दिवशी हॉस्पिटलला निघता निघता काढला होता, लाइट येता-जाता मशीन जळू नये म्हणून. वायर जमिनीवर पडलेली. मी मेघनाला सांगितलं सगळं — मुलगी गेली तेही. ती बारीक आवाजात म्हणाली, "काकू, असं कसं... काल शेवटपर्यंत बसली होती ती. एकदाही मान पडली नाही. मीटिंगमध्ये हो-हो करत होती. मान पडली असती तर मी फोन केलाच असता ना, काकू. देवाशप्पथ केला असता."

तेव्हा माझं लक्ष सुपारीकडे गेलं. पडद्यापुढे, हळदकुंकवातली. हलवायची राहिली होती.

मी विचार-बिचार काही केला नाही. एका हातात फोन. दुसऱ्या हाताने डब्यातून चिमूटभर तांदूळ घेतले, टाकले, आणि सुपारी बोटाने सरकवली. म्हटलं, "सुटलीस गं बाई. जा आता."

फोनवर मेघना एकदम म्हणाली, "काकू... तिने मान टाकली." आणि थोड्या वेळाने, "गेली. खुर्ची रिकामी झाली."

हॉस्पिटलात पोचले तर प्रदीप जिन्यातच उभा. "आई, वैशालीने डोळे उघडले. आत्ता, जरा वेळापूर्वी."

आता तुम्ही म्हणाल तेच सगळे म्हणाले. प्रदीपचा एक मित्र कॉम्प्युटरवाला. तो म्हणाला, मावशी, सर्व्हर हँग झाला असेल, जुनं चित्र अडकून राहतं. बरं, अडकलेलं चित्र विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतं का? यावर तो चहा प्यायला. कोणीतरी तिच्या नावाने आत शिरलं असेल म्हणाला. शिरलं असेल बापडं. पण मी बिरडं केलेलं त्याला कोणी सांगितलं?

कंपनीला कळवलं. साहेबाने मोठ्या मनाने उत्तर पाठवलं — त्या दोन दिवसांची रजा भरायची गरज नाही, हजेरी लागलेली आहे.

आणखी एक केलं त्यांनी. वैशालीच्या बाळासाठी शोकसभा. वैशालीने यावं म्हणून बोलावणं आलं. ती उठलीच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. प्रदीपने पाहुणा म्हणून स्वतःच्या नावाने मशीन लावलं. मी मागे उभी. सगळ्या बाहुल्या गोलात उभ्या होत्या, मागे तोच निळा समुद्र. साहेब बोलत होता, केसांचं जंगल वाऱ्यावर उडत होतं. भाषण लांबलं. हळूहळू एकेका बाहुलीने मान खाली घातली.

"बघ आई," प्रदीपचे डोळे भरून आले, "कसे उभे आहेत सगळे."

पण मान कधी पडते ते मला माहीत होतं. खुर्चीवरून माणूस उठून गेलं की पडते. एकट्या मेघनाची बाहुली ताठ उभी होती.

वैशालीने ती नोकरी सोडली. आता आगाशीला एका दवाखान्यात नावं लिहून घेते. येणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोर येऊन उभा राहतो, कण्हतो, खोकतो, वाद घालतो. तिला ते आवडतं. मूल नंतर झालं नाही. ती सुपारी मी गिरीजच्या विहिरीत सोडली, आणि सुपारीचा विषय घरात कोणी काढत नाही.

खरं सांगायचं तर मेघनाचा फोन वैशालीला मी सांगितलाच नव्हता. मेघनालाही बजावलं होतं, बोलू नकोस. कशाला जखम उकरायची? पण मागच्या श्रावणात आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो, आणि ती आपण होऊन म्हणाली,

"आई, मी पडले ना, तेव्हा मला काही दुखत नव्हतं. मी ऑफिसातच होते. गार वाटत होतं, उजेड होता, समुद्र होता. मेघनाने जेवलीस का विचारलं, मी हो म्हटलं. मग कोणीतरी माझी खुर्ची सरकवली, आणि दुखायला लागलं."

माझे हात थांबले. ती खाली बघूनच सोलत होती.

"तिथे मला पोट नव्हतं, आई," ती म्हणाली. "आणि मला ते आठवलंही नाही."

याला काय म्हणायचं ते मला अजून ठाऊक नाही. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर तुमच्यापाशीच ठेवा, आमच्या घरी कळवू नका.