अंगावरून उतरलेली माती

एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात वर्धेजवळच्या एका निसर्गोपचार केंद्रात मातीच्या लेपांची व्यवस्था माझ्याकडे होती. काळी माती चाळावी, हौदात भिजवावी, रुग्णाच्या अंगावर तिचा लेप द्यावा आणि उतरवलेला लेप पुन्हा त्याच हौदात सोडावा, असा क्रम मीच घालून दिला होता. जी भूमी सर्वांना पावन करते, ती स्वतः कशाने मलिन होणार? तिला फेकून देणे मला अवमानासारखे वाटे.

एका उन्हाळ्यात समुद्रपूरकडची एक शेतकरीण गुडघेदुखीसाठी आली. पाचव्या दिवशी तिच्या गुडघ्यावर पुवाचे फोड उठले.

"गुरुजी, एक दुखनं घेऊन आली होती, आता दोन नेऊ काय?" ती म्हणाली. "वावरात तन निंदाले बसता नाई आलं तर सून काय म्हनन मले?"

पिपरी मेघेहून सायकलने येणारी आमची परिचारिका फोड पुसत होती. तिने मान वर न करता विचारले, "पलीकडच्या खाटेवरच्या फोडवाल्या आजोबांच्या पाठीवरची माती परवा कुठं गेली, गुरुजी?"

"हौदात."

"अन् मावशीच्या गुडघ्यावरची कुठून आली?"

मी तिला हौदाकडे घेऊन गेलो. तिने उकळलेल्या बाटलीत हौदातील माती भरली आणि फोडातील पुवाबरोबर शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवली. दोन्हींत एकाच जातीचे जंतू निघाले.

त्या सायंकाळी संध्येला बसलो असता लहानपणी पाठ केलेला नियम आठवला. शौचानंतरच्या शुद्धीसाठी वारुळाची माती घेऊ नये, उंदराच्या बिळाची घेऊ नये, आणि दुसऱ्याच्या शौचातून उरलेली तर मुळीच घेऊ नये. हा नियम मी पाठशाळेतल्या कितीतरी विद्यार्थ्यांकडून घोकून घेतला होता. तो लेपाच्या हौदालाही लागू आहे, हे मात्र मला कधी सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी हौद रिकामा करून त्याला चुना दिला. खत न पडलेल्या पडीक जागेतून हातभर खोलीखालची माती काढायची, उन्हात वाळवायची, कढईत चांगली तापवायची, निवल्यावर उकळलेल्या पाण्यात कालवायची. प्रत्येकाला वेगळी माती आणि वेगळे फडके. कातडी फुटलेली असेल तर लेप नाहीच. आणि उतरलेली माती थेट खड्ड्यात पुरायची. ही शिस्त मी घालून दिली आणि पुढे अनेक वर्षे निष्ठेने पाळली. भूमीची सेवा त्या शिस्तीमुळे अधिक शुद्ध झाली, याविषयी मला आजही संदेह नाही.

डॉक्टरांच्या औषधाने त्या बाईचे फोड सुकले आणि कातडी पूर्ण भरून आली. मी नवी माती घेऊन तिच्या खाटेजवळ गेलो आणि म्हणालो, "मागचा दोष माझा होता, बाई. ही माती कोणाच्या अंगाला लागलेली नाही."

तिने पाय आखडून घेतला. "काऊन भरोसा ठेवू? आधी तुमच्या गुडघ्याले लावा."

परिचारिका तोंडाला पदर लावून हसू लागली. मी स्टूल ओढले, धोतर गुडघ्यावर घेतले आणि लेप थापला. अर्धा तास ती बाई त्या लेपाकडे आणि मग माझ्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत राहिली. अखेर तिने पाय सरळ केला.

"माह्यासाठी दुसरी कालवा," ती म्हणाली. "ही तुमची उष्टी झाली."